एक टोक उरतंच

आमचं बाइंडिंगचं दुकान विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर आहे. विद्यापीठ लहान. इतकं लहान की पुढच्या फाटकातून हाक मारली तर मागच्या फाटकावरचा पहारेकरी ‘ओ’ देतो. दुकान त्याहून लहान, पण आमच्याशिवाय तिथल्या कोणाचंच चालत नाही, कारण प्रबंध कितीही थोर असला तरी तो सुटी पानं म्हणूनच जन्माला येतो. त्याला अंग आम्ही देतो. दादा कटिंग मशीनवर, वहिनी शिलाईला, आबा सोनेरी अक्षरांना आणि मी गल्ल्यावर. माझं काम तोंड चालवण्याचं, आणि ते मी चोख करते.

आबांची एक जुनी रीत आहे. कव्हरवर नुसतं नाव छापून त्यांचं समाधान होत नाही. नावाखाली एक छोटं सोनेरी चित्र हवं, आणि तेही आतल्या विषयाचं. पानांवर काम केलेल्याला पान, पुलांवर केलेल्याला पूल. एका मुलीने दुष्काळावर लिहिलं होतं, तिला रिकामी घागर. त्यासाठी आबा पितळी ठसा करून आणतात आणि गिऱ्हाइकाला म्हणतात, “जे शिकलात त्याचं एक काढून द्या. एकच पुरे.” लोक आनंदाने काढून देतात. या रीतीने आमच्या घरात काय उलथापालथ होणार आहे, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

सुरुवात झाली ती पंख्याने. दादाने एका दुपारी पंखा फुल्ल सोडला आणि गणिताच्या एका मुलाचा अख्खा प्रबंध दुकानभर उडाला. पानांना आकडे नव्हते. एरवी अशा वेळी वहिनी घाबरत नाही. ती पानं वाचून लावते. बी आधी, रोप नंतर, एवढं कळायला काही शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही. पण त्या दिवशी तिच्या एका हातात ‘म्हणून’ने सुरू होणारं पान होतं, दुसऱ्या हातात ‘समजा’ने सुरू होणारं, आणि आधी कोण नि नंतर कोण ते काही केल्या उमगेना. शेवटी गठ्ठा उराशी धरून ती स्वतःच गणित विभागात गेली. त्या मुलाने जिन्यावर बसून सगळी पानं लावून दिली. प्रत्येक पानाला तो सांगत गेला की हे त्याच्याआधी, कारण त्यात हे वापरलंय.

वहिनी परत आली ती वेगळीच. खळीचं भांडं वाळून चाललं होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. मला म्हणाली, “प्रत्येक पान आधीच्या पानावर उभं आहे. मधलं एक काढलं तर पुढची सगळी पडतात. असं कधी पाहिलंयस?” मी म्हटलं, आपल्या घरातली भांडणं तशीच असतात. ती हसली नाही. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

वहिनीने लग्नाआधी गणित घेऊनच पदवी केली होती. नंतर आमच्याकडे आली, दाभण हातात घेतलं आणि चाळिशी ओलांडली. त्या पंख्यानंतरच्याच वर्षी तिने एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. सकाळी तास, दुपारनंतर शिलाई. दादाने विचारलं, आता या वयात गणित शिकून काय होणार? ती म्हणाली, काय होतं तेच तर बघायचंय. आबा काहीच बोलले नाहीत. त्यांचं मौन म्हणजे होकार की नकार हे आमच्या घरात आजवर कोणाला कळलेलं नाही.

गणित विभाग म्हणजे एक बोळ, दोन खोल्या आणि एक लांबलचक फळा. विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके, सगळे तिच्या निम्म्या वयाचे. पहिले काही दिवस ते तिला काकू म्हणत. मग मी दुकानातून डबा घेऊन जायला लागले आणि बोळाच्या टोकावरून ‘वहिनी’ म्हणून हाक मारायला लागले, तशी ती सगळ्या विभागाची वहिनी झाली. एकदा तर खुद्द सरांच्या तोंडून वर्गात ‘वहिनी, पुढची ओळ सांगा’ असं निघून गेलं. सर म्हणजे उंच, वाकलेला माणूस. त्यांच्या कोटाच्या एका खांद्यावर कायम खडूची पूड असे, कारण विचार करताना ते फळ्याला टेकत. मीही तिथे रेंगाळायला लागले. समजत शून्य होतं, पण माणसं एखाद्या ओळीसमोर इतका वेळ गप्प कशी बसतात, हे बघायला मला आवडायचं. आमच्याकडे गप्प बसणं फार कमी.

दुसऱ्या वर्षाला तिला स्वतःचं काहीतरी करून लहानसा प्रबंध लिहायचा होता. तिने जे घेतलं त्याला घरात आम्ही ‘मंडळी’ म्हणायचो. मला तिने असं समजावलं: एका ठिकाणी काही माणसं जमलीत. काहींची एकमेकांशी ओळख आहे, काहींची नाही. आता अटी घाल. कोणत्याही दोन अनोळखी माणसांना सामाईक ओळखीची किती माणसं असावीत, ते ठरलेलं. आणखी एक अट, मग आणखी एक. तिसऱ्या अटीनंतर सगळं माझ्या डोक्यावरून गेलं. एवढं कळलं की सगळ्या अटी पाळणाऱ्या मंडळींबद्दल काय काय खरं असतं, ते ती शोधत होती.

आणि सापडत होतं हो. एका संध्याकाळी ती शिवता शिवता थांबली आणि म्हणाली की अशा मंडळींत माणसांची संख्या कायम विषमच असते. सम असूच शकत नाही. तिचा चेहरा असा उजळला होता की मला त्या मंडळींचा हेवा वाटला. सरांनी तपासलं, बरोबर निघालं. मग कितीतरी महिन्यांनी, वेगळ्याच वाटेने जाऊन, तिने आणखी एक सिद्ध केलं: त्या मंडळींतल्या प्रत्येकाच्या ओळखीही विषमच असतात. एक, तीन, पाच, अशा. तेही सरांनी तपासलं आणि तेही बरोबर. विभागात तिने त्यावर भाषण दिलं तेव्हा मी मागच्या बाकावर होते. तिने फळ्यावर चार-पाच ठिपके काढले, त्यांना रेघांनी जोडलं, आणि उजवीकडे तीन टिंबं देऊन म्हणाली, “आणि असंच पुढे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

प्रबंध छापून झाला. विद्यापीठाच्या ऑफिसात नाव नोंदवून झालं: ‘विशिष्ट मंडळींचे गुणधर्म’. सुटी पानं दुकानात आली. आबांनी रेक्झिन निवडून ठेवलं, गडद निळं, जे ते सहसा कोणाला काढून दाखवत नाहीत. आणि म्हणाले, “सूनबाई, ठशासाठी एक मंडळी काढून दे.”

ती म्हणाली, उद्या देते. उद्याचा परवा झाला. आबा रोज विचारायचे आणि रोज थोडे रुसायचे. मला राहवेना. मी विचारलं, एवढा काय उशीर, तुझीच मंडळी ना ती? तेव्हा तिने कबूल केलं की पूर्ण अशी एकही तिने कधी काढलेली नाही. लहानात लहान असेल तीसुद्धा कागदावर मावणार नाही इतकी मोठी असावी, असं तिला वाटत होतं. विभागातल्या कॉम्प्युटरला लहान आकड्यांत सापडली नव्हती, म्हणजे मोठ्या आकड्यांत असणार.

“मग आपण नकली करू,” मी म्हटलं. “ठसाच तर आहे. बाकीच्या अटी राहू देत. माणसं विषम आणि ओळखी विषम, एवढं दिसलं की झालं.”

ती हसली आणि तयार झाली. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. मी पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला, त्यावर सात टाचण्या टोचल्या आणि शिलाईच्या दोऱ्याचे तुकडे कापले. टाचणी म्हणजे माणूस, दोरा म्हणजे ओळख. प्रत्येक टाचणीला तीन दोरे, बास. मी बांधत गेले. सहा टाचण्या झाल्या, सातवीला दोन दोरे आले. तिसरा बांधला, आणि त्याचं दुसरं टोक माझ्या हातात राहिलं. ते बांधायला टाचणीच उरली नव्हती. सगळ्यांची तीन-तीन भरलेली.

मी म्हटलं, माझंच चुकलं असणार. सगळं सोडून पुन्हा बांधलं. पुन्हा एक टोक हातात. मग नऊ टाचण्या घेतल्या आणि पाच-पाच दोरे. पुन्हा तेच. मला आता चेव चढला. एवढी वर्षं दोऱ्याशी संसार केला आणि हा पुठ्ठा माझं ऐकत नाही म्हणजे काय? मी त्याला चार शब्द सुनावले आणि वहिनीकडे पाहिलं. ती माझ्या हाताकडे बघत होती, त्या टोकाकडे.

“प्रत्येक दोऱ्याला टोकं किती?” तिने अगदी हळू विचारलं.

“दोन. आणखी किती असणार?”

“म्हणजे सगळी टोकं मिळून सम. आणि टाचण्या विषम, प्रत्येकीला टोकं विषम. विषम गुणिले विषम.” ती थांबली. “विषम.”

मला पटकन कळलं नाही. तिला कळलं होतं. ती स्टुलावर बसली. तिची दोन्ही प्रमेयं खरी होती आणि दोन्ही एकत्र खरी असूच शकत नव्हती, जोवर मंडळी अस्तित्वात आहेत तोवर. म्हणजे मंडळी नव्हतीच. सातांची नाही, नवांची नाही, कितीही मोठी घ्या, नाही. ज्यांच्या स्वभावाचे बारकावे तिने वर्षभर शोधले, ती माणसं कधी जमलीच नव्हती. आणि हा टोकांचा हिशेब तिला पहिल्या वर्षी, त्या विषयाच्या पहिल्याच तासाला शिकवलेला होता. एक प्रमेय दुसऱ्या प्रकरणात, एक चौथ्यात. दोन्ही शेजारी ठेवून कोणी पाहिलंच नव्हतं.

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी बडबडते. मी म्हटलं, कदाचित टाचण्या वाकड्या असतील. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले.

जेवताना तिने सगळ्यांना सांगितलं. आबांनी घास हातात धरून विचार केला आणि म्हणाले, “आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?” ते टोमणा मारत नव्हते, त्यांना खरंच आता ठशाचा उलगडा झाला होता. पण वहिनी पानावरून उठून गेली.

दादा तिच्यामागे गेला. दादा वाईट माणूस नाही. त्याला तिची दोन वर्षं वाया जायला नको होती. प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती. तो म्हणाला की पानं छापलेली आहेत, सरांना खटकलं नाही, बाहेरच्या परीक्षकांनाही खटकणार नाही. “अगं, कोण वाचतं? आपणच बांधतो, आपल्याला माहीत नाही का? इतक्या वर्षांत एक तरी प्रबंध दुरुस्तीला परत आलाय? उघडलाच नाही तर कणा मोडणार कसा?”

ते खरं होतं. ग्रंथालयातून शब्दकोश यायचे, कथा-कादंबऱ्या यायच्या, पाठ सुटलेल्या, कोपरे झिजलेल्या. प्रबंध कधीच नाही.

वहिनी म्हणाली, “मी वाचलेत ना ते. तुम्ही पुठ्ठे कापायचात आणि मी वाचायची. मला कोणी खोटं दिलं असतं तर?”

दादा परत पानावर येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मला ग्रंथालयात गठ्ठा पोचवायचा होताच, म्हणून मी तिच्याबरोबर गेले. ती सरांच्या खोलीत शिरली आणि तिने थेट फळ्यावर दोन प्रमेयांच्या दोन ओळी लिहिल्या, एकाखाली एक. सरांनी त्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग खाली बसले.

“दोन्ही मी तपासली आहेत,” ते म्हणाले. “दोन्ही बरोबर आहेत.”

“हो सर. म्हणूनच.”

मला वाटलं आता रागावतील, निदान तोंड पाडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुकानात नवा ठसा आला की आबांच्या चेहऱ्यावर येतं तसलं होतं. ते म्हणाले, “मी वर्षभरात एकदाही तुम्हाला ‘एक उदाहरण काढून दाखवा’ म्हणालो नाही. कोणी विचारलं?”

“सासऱ्यांनी,” वहिनी म्हणाली. “त्यांना कव्हरसाठी हवं होतं.”

सर हसले, आणि मग ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले ते तिने पदराने नाही, डस्टर धरलेल्या हाताने पुसले. गालभर खडू झाला. सरांनी स्पष्ट सांगितलं की आता हा प्रबंध म्हणजे एकाच गोष्टीची सिद्धता आहे: अशी मंडळी नसतात. ती गोष्ट खरी आहे आणि ती तिचीच आहे. पण बाकीचं सगळं गळणार, गुण किती मिळतील सांगता येत नाही, नापासही करतील. ती म्हणाली, चालेल. मला तिचा आवाज ऐकून कळलं की चालणार नव्हतं, तरी ती तेच करणार होती.

ऑफिसातल्या कारकुनाने नाव बदलायला साफ नकार दिला. नाव बदलायची मुदत उलटून गेली होती. त्यामुळे जे नाहीत त्यांचे गुणधर्म सांगणारं जुनंच नाव राहिलं. कारकुनाला मी समजावायला गेले की बाबा रे, ही मंडळी नाहीतच. तो म्हणाला, नसली तरी नोंद आहे. सरकारदरबारी असणं याहून पक्कं ते काय?

आता अडचण आबांची झाली. नव्या प्रबंधाची पानं इतकी थोडी होती की शिवून झाल्यावर तो जेमतेम पापुद्र्याएवढा जाड झाला. कण्यावर नाव मावेना. आबांनी लहानात लहान अक्षरं काढली, तरी मावेना. सुनेचं नाव कण्यावर नाही, हे त्यांना काही पचेना. शेवटी ते कोणाला न विचारता उठले, पांढऱ्या कागदाचा एक जुडगा कापला आणि प्रबंधाच्या शेवटी शिवून टाकला. कोरी पानं, लिहिलेल्या पानांपेक्षा जास्त. मग कण्यावर नाव बसलं, सुबक, सोनेरी. ठसाही त्यांनी करून आणला होता: ठिपके, रेघा आणि एक रेघ मोकळीच, कव्हरच्या कडेपर्यंत गेलेली.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या होत्या. विभागाचं दार नीट लागत नाही, त्यामुळे मला बोळातून सगळं ऐकू येत होतं आणि फटीतून अर्धं दिसत होतं. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, या मंडळींचं एक उदाहरण द्या. वहिनीने पिशवीतून माझा पुठ्ठा काढला आणि मोकळं टोक त्यांच्या हातात दिलं.

“हे कुठे बांधायचं ते सांगा,” ती म्हणाली. “कुठेही बांधता येणार नाही. का, ते आता सांगते.”

तिने सांगितलं. आवाज आधी कापत होता, मग नाही. बाई टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. झाल्यावर त्यांनी प्रबंध चाळला आणि कोऱ्या पानांशी अडखळल्या. एक उलटलं, दुसरं उलटलं, आणि विचारलं की ही कशासाठी?

वहिनीने खरं ते सांगितलं, की सासऱ्यांनी घातलीत, नाव मावत नव्हतं.

बाई म्हणाल्या, “एक अट काढून टाकली तर?”

“कोणती?” वहिनीने विचारलं, आणि त्यानंतर अर्धा तास त्या दोघी आणि सर फळ्याशी भांडत होते. परीक्षा चालू आहे हे तिघंही विसरले होते. बोळातले माझे पाय दुखून आले.

ती पास झाली. गुण बेताचे. निकालाच्या दिवशी तिने तो कागद दोनदा वाचला, घडी करून ठेवला आणि मला म्हणाली की खरं सांगू, थोडं वाईट वाटतंय. मी म्हटलं, वाटू दे. ती पुन्हा शिवायला बसली. संध्याकाळी सरांकडे जाणं मात्र सुरूच राहिलं, त्या एका अटीसाठी.

मध्ये काही वर्षं गेली. परवाची गोष्ट. ग्रंथालयातून दुरुस्तीचा गठ्ठा आला. दादा एकेक पुस्तक काढून टेबलावर रचत होता आणि मध्येच थांबला. हातातलं पुस्तक त्याने वहिनीसमोर ठेवलं आणि उगाचच कटिंग मशीन पुसायला गेला.

गडद निळं रेक्झिन. कणा मधोमध मोडलेला, कोपरे झिजलेले, शिलाई ढिली झालेली. वहिनीने ते उघडलं. मागची कोरी पानं कोरी राहिली नव्हती. कोणीतरी पेन्सिलीने ठिपके काढले होते, रेघा ओढल्या होत्या, खोडल्या होत्या, पुन्हा ओढल्या होत्या. पुढच्या पानांवर अक्षर वेगळं होतं. तिथे दुसऱ्याच कोणीतरी एक अट खोडून पाहिली होती. त्याच्याही पुढे एका आकृतीखाली लिहिलं होतं: ‘इथे एक टोक उरतंच. पण दुसरी अट काढली तर?’

वहिनी वाचत राहिली. तिची बोटं त्या पेन्सिलीवरून फिरत नव्हती, जरा वरून फिरत होती, पुसलं जाऊ नये म्हणून. मी खोडरबर लपवून ठेवला, कारण ग्रंथालयाची पुस्तकं आम्ही साफ करूनच परत देतो, आणि दादाला सवय आहे. मला रडू येत होतं, ते मी शिंक म्हणून खपवलं.

आबांनी चष्मा लावून सगळी पानं पाहिली. त्यांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी फक्त पानं भरत आली आहेत एवढं बघितलं आणि शिलाई उसवायला घेतली.

“आबा,” वहिनी म्हणाली, “या वेळी कोरी पानं जरा जास्त घाला.”